मनातलं इथं चालत नाही

“लेक काय तुमची?” शेवंतीकाकूंनी विचारलं.

मी पाठमोरी होते, जीपमधून काढलेल्या बॅगा ओटीवर मांडत होते. आता आई ‘सून’ म्हणतील, मग काकू ‘आणि मुलगो?’ म्हणून विचारतील, मग आई खाली बघतील आणि मी घाईघाईनं कोकम सरबताची तारीफ करीन, हे सगळं मला तोंडपाठ होतं. चार वर्षं, प्रत्येक नव्या माणसासमोर आमचा हा प्रवेश ठरलेला असे.

“हो,” आई म्हणाल्या. “लेक.”

मी वळून पाहिलं. आई शांतपणे सरबत पीत होत्या. खोटं बोलल्याचा एवढासाही मागमूस चेहऱ्यावर नव्हता. मी सवयीनं विचारलं, “अहो आई, तुम्ही आधी गरम पाण्यानं पाय धुताय का?” तर काकू चकित होऊन म्हणाल्या, “लेक असान आवशीक अहो म्हणता?”

“आमच्याकडे फार शिस्त,” आई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. दिवाळी नुकतीच झाली होती आणि आम्ही दोघी सांगलीहून दोडामार्गच्या बाजूला, रानात बुडालेल्या एका लहानशा गावात चार दिवसांसाठी आलो होतो. भिवा गवस आणि शेवंतीकाकू यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. काका जीप चालवायचे, रान दाखवायचे, समुद्रावर न्यायचे. काकू जेवायला घालायच्या, आणि ते इतकं, की चालणं आपोआपच भाग पडायचं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. शैलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. सकाळी दाढी करताना डोकं दुखतंय म्हणाला आणि दुपारी नव्हता. त्यानंतर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला जायची, आई माझ्यासाठी दार उघडायच्या. आमचं भांडण कधी झालं नाही. खरं सांगायचं तर भांडण्याइतकं आम्ही बोलतच नव्हतो.

ही सहल माझी कल्पना. रान बघायची हौस वगैरे मी सांगितलं होतं, पण मला आईंना एक गोष्ट सांगायची होती आणि ती घरात सांगता येत नव्हती. घरात शैलेशचा फोटो होता. आमच्या लॅबमधल्या मशीनच्या देखभालीला जयवंत नावाचा इंजिनियर यायचा. त्यानं मला दसऱ्याला लग्नाचं विचारलं होतं. कंपनी त्याला गुवाहाटीला पाठवत होती. मी हो म्हटलं तर तो बदली नाकारून सांगलीतच राहणार होता आणि नाही म्हटलं तर सोमवारी कागदावर सही करून मोकळा होणार होता. “रविवारी संध्याकाळपर्यंत सांगते,” असं मी त्याला म्हटलं होतं. माझा होकार माझ्यापाशी तयार होता. अडलं होतं ते आईंपाशी. मी दुसरं लग्न केलं की त्या माझ्या कोण? अकोल्याला त्यांचा भाऊ होता. ‘बरं बाई,’ म्हणून त्या शांतपणे ट्रंक भरतील आणि भावाकडे निघून जातील, याची मला खात्री होती. त्यांचा मुलगा गेला होता, आता मीही जाणार. हे वाक्य जुळवून बोलायला मला चार दिवस हवे होते.

शुक्रवारी काकांनी आम्हाला समुद्रावर नेलं. किनारा तासाभराच्या अंतरावर होता. गावात फोनला रेंज नव्हती, ती थेट समुद्रावरच लागायची. सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि त्या पांढुरक्या ओलाव्यात कोळ्यांची एक होडी अधांतरी तरंगत होती.

“थयसर बघा, गादे!” काका ओरडले.

डॉल्फिनला ते गादे म्हणत. पाण्यातून एक काळी पाठ हळूच वर आली आणि तितक्याच हळू आत गेली. मग दुसरी. आवाज नाही, घाई नाही. आई चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या मोजू लागल्या. “सात!” त्यांनी मागे वळून मला सांगितलं. किती दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला होता! बोलायचं तर आत्ताच, असं मनात आलं आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. मी सुरूच्या झाडांकडे पळत गेले.

परत आले तेव्हा आई वाळूत बसून पायांची बोटं कोरडी करत होत्या.

“कोण होतं?”

“लॅबमधून. मशीन बंद पडलंय.”

“दुरुस्त करणारा आहे ना कुणीतरी?”

“आहे.”

“मग झालं,” आई म्हणाल्या आणि पुन्हा समुद्राकडे बघू लागल्या.

परतताना जीपमध्ये काकांनी विचारलं, “मावशी, तुमी नोकरी करीत होतास?”

“टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. एकतीस वर्षं. ट्रंक कॉल जोडून द्यायचे.”

“म्हणजे लोकांचा सगळा तुमका आयकूक येय?” काकांनी जीपच हळू केली.

“येई. पण ऐकायचं नसतं. दोन्हीकडचा आवाज एकमेकांना पोचला की आपण कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा. नियम होता तसा.”

“आणि सगळे नियम पाळीत?”

“बाकीच्यांचं मला माहीत नाही,” आई म्हणाल्या. “मी पाळायचे.”

शनिवारी आम्ही रानात गेलो. त्या रानाचं वर्णन मला आजही धड करता येत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत पाऊल टाकलं तर एकदम संध्याकाळ. तीही हिरवी. झाडं इतकी उंच की त्यांचे शेंडे दिसायला मान मोडावी लागे. वेली जाडजूड, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या. पायाखाली पानांचा ओला थर, त्यामुळे चालल्याचा आवाजच यायचा नाही. आपण चालतोय की हे सगळं आपल्या बाजूनं सरकतंय, असा प्रश्न पडावा. कुठेतरी एक पक्षी शीळ घालत होता, रस्त्यानं जाणारा एखादा मनमौजी माणूस घालतो तशी, सुरुवात एक आणि शेवट भलतीकडेच.

मी त्या रानात तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा “आई, मला जरा...” एवढं म्हणाले आणि डोक्यावरून सुपानं धान्य पाखडल्यासारखा मोठा आवाज गेला. “माडगरुड!” काका कुजबुजले. पिवळ्या, भल्यामोठ्या चोचीचे दोन धनेश झाडांवरून निघून गेले आणि त्यांच्या पंखांचा आवाज नंतर कितीतरी वेळ मागे राहिला. दुसऱ्यांदा मी आईंचा हात धरला, तर हाताला जळू चिकटलेली निघाली. तिसऱ्यांदा आम्ही ओढ्याकाठच्या खडकावर बसलो होतो, काका पुढे गेले होते, पाणी आमच्या पायांवरून वाहत होतं. याहून चांगली वेळ ब्रह्मदेवानंही दिली नसती. तेवढ्यात समोरच्या झाडावर तांबूस शेकरू आलं, झुपकेदार शेपटी खाली सोडून एक फळ दोन्ही हातांत धरून निवांत खात बसलं. आई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला ते मोडवेना.

“काही म्हणत होतीस?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

रान माझ्याविरुद्ध कट करून बसलंय, असं मी स्वतःला सांगितलं. रानाचा काय दोष! भित्रेपणा माझा होता.

रविवार उजाडला. सकाळी गावची देवराई बघायची आणि दुपारी निघायचं, वाटेत समुद्रावर थांबून रात्रीची गाडी पकडायची, असं ठरलं होतं. देवराईत शेवंतीकाकूही आल्या. काकांनी नारळ घेतला होता.

“चपला हयच काढा,” राईच्या तोंडाशी काका म्हणाले. “आणि आत पडलेला पानसुद्धा उचलू नकात. जा पडला ता देवाचा.”

आत गेल्यावर मी थांबलेच. झाडं पाण्यात उभी होती. चिखलपाणी नव्हे, स्वच्छ, तळ दिसणारं, अगदी संथ वाहणारं पाणी. रानजायफळाची ती झाडं होती. त्यांची मुळं पाण्यातून वर येऊन, वाकून पुन्हा पाण्यात जात होती. जिकडे बघावं तिकडे शेकडो वाकलेले गुडघे. पानांतून येणारं ऊन पाण्यावर पडून झाडांच्या खोडांवर हलत होतं. सगळी राई पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

“बघ,” आई हळूच म्हणाल्या, “माझ्याहून वाईट गुडघे आहेत यांचे. तरी उभी आहेत.”

पाण्याच्या कडेला शेवाळलेल्या दगडांचा एक चौथरा होता आणि त्यावर एक अनघड शिळा. तोच देव. काकांनी नारळ पुढ्यात ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, आणि आमच्याकडे वळले. एकाएकी ते जीपवाले भिवाकाका राहिले नाहीत. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता.

“बोला. देवाक काय सांगूचा हा? माझ्या कानात सांगा. मी देवाक सांगतंय.”

“मी मनातल्या मनात मागते की,” मी म्हणाले.

“मनातला हय चलाचा नाय, ताई.” काकांनी मान हलवली. “मनातला मनात ठेवशात तर ता तुमच्याकडेच रवात. आमच्या देवाक मोठ्यान सांगूचा लागता, आणि संगतीच्या माणसांनी व्हय म्हणूक व्हया. साक्ष नको?”

“म्हणजे तुम्ही ऑपरेटरच की!” आई म्हणाल्या.

“तसाच समजा,” काका हसले. “बोला, ताई.”

मी काकांच्या कानाशी वाकले. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. पण हे आता मोठ्यानं म्हटलं जाणार, आईंसमोर, या पाण्यात उभ्या झाडांसमोर! मी म्हणाले, “आईंचे गुडघे बरे होऊ देत.”

काकांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग ते आईंकडे वळले. आई टाचा उंचावून त्यांच्या कानाशी लागल्या आणि बोलू लागल्या. किती वेळ! मला एक शब्द ऐकू येत नव्हता. काका मधेच “बरा” म्हणत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदा काहीतरी विचारलं आणि आईंनी मान हलवली.

मग काकांनी हात जोडले आणि त्या शांततेत खणखणीत आवाज घुमला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काकू म्हणाल्या. पाठोपाठ आईही म्हणाल्या. मग मीही.

“आज सांगलीसून ही दोन लेकरां तुझ्या पायाकडे इलीहत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही लेक आपल्या आवशीसाठी सांगणा करता. आवशीचे गुडघे सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आईंनी जोरात म्हटलं. मला हसू आलं.

“आणि ही आवस आपल्या लेकीसाठी सांगता. लेकीन एक माणूस बघल्यान हा. माणूस बरो हा. पण लेक आवशीक सांगूक भियेता. तिची भीती काढून टाक, आणि ह्या लगीन पार पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काकू म्हणाल्या.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शिळेकडे बघत होत्या.

खोडांवरचं ऊन हलत होतं तेवढंच. पाण्यावर एक पान पडलं, आणि फिरत फिरत त्या मुळांमधून पुढे जाऊ लागलं. काका हात जोडून तसेच उभे.

“ताई,” ते मागे न बघता म्हणाले, “व्हय म्हणा. तुमी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा फुडे जाऊचा नाय.”

मी आईंकडे बघितलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मला त्या क्षणी रडू आलं, लाज वाटली, आणि इतकं हलकं वाटलं की पायाखालची ओली जमीनही जाणवेना.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“आणि ह्या माऊलीचो झील, शैलेश,” काकांचा आवाज खाली आला, “चार वर्षांमागे तुझ्याकडे इलो. तो खंय असात थय तेका ह्या लग्नाची खबर पोचती कर. तेची आवस सांगता, तेचो नकार असूचो नाय. तेका सुखात ठेव रे म्हाराजा!”

काकू “व्हय म्हाराजा” म्हणाल्या. आईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. एकतीस वर्षं गावोगावच्या माणसांना बोलतं करणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या घशातून शब्द येईना. मी त्यांचा हात धरला आणि दोघींच्या वतीनं, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

काकांनी नारळ फोडला.

परतीच्या वाटेवर काका-काकू मुद्दाम पुढे चालत राहिले. मी आईंचा हात सोडला नव्हता.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“दिवाळीच्या पाडव्यापासून. फोनवर ‘हं’ म्हणायची तुझी पद्धत बदलली.”

“मग बोलला का नाहीत?”

“कॉल तुझा. मी मध्ये कशी बोलणार?” आई एका मुळावरून जपून पाय टाकत म्हणाल्या. “तीन दिवस तू नंबर फिरवतेयस आणि लागत नाही, हे बघत होते. काल शेकरू आलं तेव्हा तर मलाच त्याला हाकलावंसं वाटलं. मग म्हटलं, आता ऑपरेटरनं मध्ये पडायला हवं.”

मी हसले, आणि हसता हसता रडले. मग मला पहिला दिवस आठवला. “काकूंना ‘लेक’ का सांगितलंत?”

आईंनी आधी पुढचं मूळ ओलांडलं. “सुनेचं दुसरं लग्न म्हटलं की लोक, ही कसं करतेय, ते बघायला येतात. लेकीचं म्हटलं की अक्षता टाकायला येतात. आणि लेक लग्न होऊन गेली तरी ती आपलीच राहते. तेव्हा चार दिवस म्हणून बघत होते. जमतंय का ते.”

“मग?”

“जमतंय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सरबत घशात अडकलं होतं. आता नाही अडकत.”

संध्याकाळी समुद्रावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. ओल्या वाळूवर सगळं आभाळ उतरलं होतं, केशरी आणि जांभळं, आणि त्यावरून चालताना आपणच ढगांत पाय टाकतोय असं वाटत होतं. काका जीपपाशी थांबले. आईंनी माझ्या पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला.

“लाव त्याला. रविवार संपत आला.”

“हेही माहीत आहे?”

“परवा सुरूच्या झाडांत जरा मोठ्यानं बोललीस. ऐकायचं नव्हतं. पण वारा इकडचा होता.”

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही कानांवर तो घट्ट ओढून धरला, आणि पाण्याच्या कडेकडेनं चालू लागल्या. त्या लांब, आणखी लांब गेल्या. त्यांचे पाय आभाळाच्या त्या रंगांत उमटत होते आणि पाणी ते पुसून टाकत होतं.

तिकडून जयवंतचा आवाज आला. “हॅलो? विशाखा? हॅलो?”

मी दिवसभर वाक्य जुळवलं होतं. त्यातला एकही शब्द आठवेना.

“व्हय,” मी म्हणाले.

“काय?” तो म्हणाला. तो आजही सगळ्यांना सांगतो की आमच्या लग्नाचा होकार त्याला कळलाच नव्हता, दोनदा विचारून घ्यावा लागला.

फोन ठेवला तेव्हा सूर्य बुडाला होता. आई किनाऱ्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. मी हाक मारली. त्या वळल्या नाहीत. आणखी जवळ जाऊन मारली, तरी नाही. कानांवरचा पदर त्यांनी अजून तसाच दोन्ही हातांनी दाबून धरला होता. शेवटी मी पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि माझ्या हातांनी तो हळूच खाली केला.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, आई.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चार वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.